ऑनलाइन मेडिक्लेम घेताय? ओटीपी द्यायच्या आधी आणि दिल्यानंतर काय काय बघायचं

माझी मावशी सांगलीला असते, वय ५८. तिने फोनवरूनच मेडिक्लेम घेतला. कॉल आला, पलीकडचा मुलगा गोड बोलत होता, नाव जन्मतारीख पॅन सगळं विचारून घेतलं, बीपीची गोळी चालू आहे हे मावशीने स्वतःहून सांगितलं तर म्हणाला, "मावशी एवढ्याशा बीपीचं काय लिहायचं, उगाच प्रीमियम वाढेल, आता एक ओटीपी येईल तेवढा सांगा." मावशीने सांगितला. दोन दिवसांनी मेलवर पॉलिसी आली, ती कोणी उघडलीच नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा सहज म्हटलं दाखव बघू, तर त्या पीडीएफच्या शेवटी तिचा प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठीचा अर्ज, जोडलेला, त्यात "उच्च रक्तदाब आहे का" याच्यासमोर "नाही" छापलेलं, आणि खाली "ओटीपीद्वारे मान्यता", तारीख, वेळ, अगदी सेकंदासकट. आणि मावशी माझ्या शेजारी बसून स्ट्रिपमधून रात्रीची गोळी काढत होती.

ऑनलाइन मेडिक्लेममध्ये ओटीपी म्हणजे तुमची सही. कागदावर सही करताना आपण निदान एकदा नजर तरी फिरवतो, ओटीपी मात्र भाजी चिरता चिरता पण देऊन टाकतो. नियम तुमच्या बाजूने बरेच आहेत, २०२४ मध्ये तर आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, आपण सगळे जिला इर्डा म्हणतो तिने, खूप गोष्टी ग्राहकाच्या सोयीच्या केल्यात. पण ते नियम कामाला येतात ते तुमच्या नावावरची कागदपत्रं खरी असली तरच. म्हणून पहिल्यांदाच ऑनलाइन पॉलिसी घेणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहितेय.

आधी समोर कोण आहे ते बघा

ऑनलाइन विकणारे तीन-चार प्रकारचे असतात. विमा कंपनीची स्वतःची वेबसाइट किंवा अ‍ॅप, ब्रोकर, वेब अ‍ॅग्रिगेटर म्हणजे तुलना करून दाखवणारे, आणि बँका वगैरे कॉर्पोरेट एजंट. या प्रत्येकाकडे इर्डाचं रजिस्ट्रेशन लागतं आणि तो नंबर वेबसाइटवर दिलेला असतो, सहसा अगदी तळाशी बारीक अक्षरात. तो नंबर इर्डाच्या साइटवरच्या यादीत शोधून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि एक, वेब अ‍ॅग्रिगेटर म्हणून ज्यांचं रजिस्ट्रेशन आहे त्यांना २०१७ च्या नियमांप्रमाणे पॉलिसींना रेटिंग, रँकिंग किंवा "बेस्टसेलर" असा शिक्का लावता येत नाही. असं काही दिसलं तर ती जाहिरात समजायची, सल्ला नाही.

फोन आला तर तो कुठल्या नंबरवरून आला ते बघा. बँका आणि विमा कंपन्यांच्या सर्व्हिसच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठेवलेत, जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची सिरीज आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून "मी इर्डामधून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय" असं कोणी बोललं तर फोन ठेवून द्यायचा. इर्डा पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, प्रीमियम गोळा करत नाही. या एका थापेला खूप निवृत्त माणसं फसलेली आहेत, म्हणून घरातल्या मोठ्यांना हे वाक्य पाठ करून ठेवायला सांगा.

मग सीआयएस वाचा, जाहिरात नको

प्रत्येक हेल्थ पॉलिसीबरोबर एक कस्टमर इन्फर्मेशन शीट देणं कंपनीला बंधनकारक आहे, सगळे त्याला सीआयएस म्हणतात. पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग तीस-चाळीस पानांचं असतं, ते कोण वाचणार, पण सीआयएस थोडक्यात असतं आणि त्यात काय कव्हर आहे, काय नाही, वेटिंग पिरियड किती, रूमची मर्यादा किती, तक्रार कुठे करायची हे सगळं येतं. आणि तुम्ही मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं असा नियम आहे. म्हणजे मराठीत मागा, बिनधास्त मागा. आईवडिलांसाठी पॉलिसी घेत असाल तर नक्की मागा, त्यांना स्वतःला वाचता आलं पाहिजे.

त्यात मी सगळ्यात आधी रूम रेंटची ओळ शोधते. समजा पॉलिसीत रोज ५,००० रुपयांची रूम लिहिलीय आणि तुम्ही ८,००० ची घेतली. लोकांना वाटतं वरचे ३,००० आपण भरू, विषय संपला. तसं नसतं. बऱ्याच पॉलिसींमध्ये प्रमाणात कपात होते, म्हणजे डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे रूमला जोडलेले खर्च आठाला पाच या हिशोबाने मिळतात. असे खर्च १,६०,००० झाले तर हातात १,००,००० आणि ६०,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, हे डिस्चार्जच्या वेळी बिल बघताना लक्षात ठेवा, तिथे कापलेलं दिसलं तर विचारा.

वेटिंग पिरियडचं, म्हणजे क्लेम मिळायच्या आधी थांबायच्या काळाचं, थोडक्यात. नवीन पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या आजाराचा क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं अशा ठरावीक गोष्टींना वेगळा वेटिंग असतो आणि आधीपासून असलेल्या आजारांना वेगळा. १ एप्रिल २०२४ पासून या दोन्हींची कमाल मर्यादा ३६ महिने आहे, आधी ४८ असायची. कंपनी कमी ठेवू शकते, जास्त नाही. त्याच सुमाराला वयाची ६५ ची अट पण गेली, म्हणून "काकांचं वय झालं, आता कोणी पॉलिसी देणार नाही" असं धरून बसू नका, विचारा. प्रीमियम मात्र वयाप्रमाणे लागतोच.

केवायसी

१ जानेवारी २०२३ पासून हेल्थ पॉलिसीला पण घेतानाच केवायसी लागतं, आधी मोठ्या क्लेमच्या वेळी लागायचं. पॅन नसेल तर फॉर्म ६०. आधारचा ओटीपी किंवा तुमचा सीकेवायसी नंबर, म्हणजे आधी एकदा झालेल्या केवायसीचा केंद्रीय नोंदणीतला नंबर, असेल तर पटकन होतं, तो १४ आकडी असतो. इथे एकच गोष्ट बारकाईने बघा, पॅनवर नाव कसं आहे, आधारवर कसं आहे, बँकेत कसं आहे. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेलं असतं, कुठे वडिलांचं नाव मधे असतं कुठे नवऱ्याचं, आणि हॉस्पिटलच्या कागदावर तिसरंच. पॉलिसीतलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळलेली असली की कॅशलेसच्या वेळी डोकेदुखी होत नाही.

आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, पण विचारतात, तो पण १४ आकडीच असतो, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. आभा ऐच्छिक आहे. हवा असेल तर द्या, नाही दिला म्हणून पॉलिसी अडत नाही.

केवायसीचे कागद एजंटच्या पर्सनल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सवय सोडा. अ‍ॅपमध्ये किंवा कंपनीच्या लिंकवर अपलोड करा. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, पण एकदा आधारचा फोटो दहा जणांच्या फोनमध्ये गेला की कायदा तो परत आणून देत नाही.

प्रपोजल फॉर्म, इथे अर्धा तास काढाच

बाकी सगळं घाईत केलं तरी चालेल पण हे नाही. क्लेम नाकारताना कंपनी जे कारण फार वेळा देते ते म्हणजे "माहिती लपवली". आणि ती माहिती कुठे लपवली, तर या फॉर्ममध्ये, जो पुष्कळदा आपण भरलेलाच नसतो, कॉलवरच्या माणसाने भरलेला असतो.

म्हणून फॉर्म स्वतः भरा. कोणी भरून देत असेल तर ओटीपी द्यायच्या आधी भरलेल्या फॉर्मची पीडीएफ मागवा आणि आरोग्याचे प्रश्न एकेक करून वाचा. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, पूर्वीचं ऑपरेशन, चालू गोळ्या, सिगारेट तंबाखू, सगळं खरं. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी घ्यायच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला किंवा ज्यावर डॉक्टरचा सल्ला, उपचार घेतलेला आजार, अशी नियमातली व्याख्या आहे, पण फॉर्ममध्ये "कधीही झाला होता का" असं विचारलं असेल तर दहा वर्षांपूर्वीचं पण लिहायचं. प्रश्न जो विचारलाय त्याचं उत्तर द्यायचं, आपल्या मनाने गाळायचं नाही. थायरॉइडची गोळी लोक हमखास विसरतात, कारण ती सकाळी उठल्या उठल्या घ्यायची सवय झालेली असते, तो आजार आहे असं वाटतच नाही.

फॉर्म भरायला बसताना मी काय करते ते सांगते. घरातला औषधांचा डबा समोर ओतते. प्रत्येक स्ट्रिपचं नाव लिहून काढते, ती कशासाठी आहे आणि कधीपासून आहे ते विचारते. मग जुन्या रिपोर्टांची फाइल. या पद्धतीने माझ्या सासऱ्यांची एक अँजिओग्राफी निघाली जी घरात कोणाच्याच लक्षात नव्हती, कारण "त्यात काही निघालं नव्हतं ना". काही निघालं नाही तरी ती झाली होती, आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये होती. ती आम्ही लिहिली, रिपोर्ट जोडला, पॉलिसी मिळाली.

आता ओटीपी. आलेला मेसेज पूर्ण वाचा. "मी प्रपोजल फॉर्ममधली माहिती वाचली असून ती खरी आहे" अशा अर्थाचं काहीतरी त्यात किंवा त्या स्क्रीनवर असतं. फोनवर कोणाला ओटीपी वाचून दाखवू नका, तुमच्या स्वतःच्या स्क्रीनवर तुम्ही स्वतः टाका. फॉर्मवर मोबाइल नंबर आणि मेल तुमचाच आहे ना ते पण बघा, काही वेळा एजंट सोयीसाठी स्वतःचा मेल टाकतात आणि मग पॉलिसी, रिन्युअलची आठवण, क्लेमची पत्रं सगळं त्याच्याकडे जातं.

फॉर्मनंतर कधी कधी डॉक्टरचा फोन येतो, टेलिमेडिकल म्हणतात, ज्यात तेच प्रश्न परत विचारतात. हा कॉल रेकॉर्ड होतो. ज्याची पॉलिसी आहे त्यानेच उत्तर द्यावं. आपल्याकडे कोणी तब्येत विचारली की "सगळं छान आहे हो" म्हणायची पद्धत आहे, इथे तसं म्हणू नका, फॉर्ममध्ये जे लिहिलंय तेच सांगा.

आणि जो कोणी म्हणेल की लिहू नका, आम्ही बघून घेतो, त्याला सांगा हेच मला मेलवर लिहून पाठवा. आजपर्यंत मला असा मेल एकदाही आलेला नाही.

पैसे भरताना

विमा कायदा १९३८ चं कलम ६४व्हीबी सांगतं की प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. म्हणजे "पॉलिसी चालू करून देतो, पैसे पुढच्या महिन्यात द्या" असं काही नसतं. पण उलट बाजू पण समजून घ्या, पैसे गेले म्हणजे लगेच कव्हर चालू झालं असं पण नाही, कंपनीने प्रपोजल स्वीकारायला हवं, आणि पॉलिसीवर जोखीम सुरू होण्याची तारीख लिहिलेली असते तीच खरी.

यावर एक चांगली सोय आलीय, बीमा-अस्बा. शेअरच्या आयपीओला अर्ज केलेला असेल तर कळेल लगेच. १ मार्च २०२५ पासून कंपन्यांनी हा पर्याय द्यायचा आहे, यात यूपीआयने प्रीमियमची रक्कम तुमच्याच खात्यात ब्लॉक होते, कंपनीने पॉलिसी मंजूर केली तरच कापली जाते, नाकारली तर मोकळी होते. जास्तीत जास्त १४ दिवस ब्लॉक राहते, व्यवहाराची मर्यादा २ लाख रुपये. सक्ती नाही, तुमची इच्छा. ज्यांना बीपी शुगर आहे आणि मंजुरीची खात्री नाही त्यांनी हाच पर्याय घ्यावा असं माझं मत, रिफंडच्या मागे फिरावं लागत नाही.

पैसे फक्त कंपनीच्या किंवा रजिस्टर्ड ब्रोकरच्या पेमेंट पेजवरून. कोणाच्या पर्सनल यूपीआयवर, क्यूआर पाठवलाय त्यावर, असं अजिबात नाही. आपल्या स्वतःच्या खात्यातून भरा, रोख नको, कारण जुन्या कररचनेतली ८०डी ची सूट रोख भरलेल्या प्रीमियमवर मिळत नाही.

रकमेचा स्क्रीन नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. वैयक्तिक पॉलिसीच्या कोटेशनमध्ये कोणी जीएसटी लावून दाखवत असेल तर तिथेच थांबा. मग अ‍ॅड-ऑन बघा, तुम्ही न निवडता टिक केलेलं काही आहे का. असं गुपचूप टोपलीत टाकणं, "फक्त ५ मिनिटं बाकी" अशी खोटी घाई करणं, "नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही" असं बटण ठेवणं, हे सगळे डार्क पॅटर्न म्हणून ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धरलेत, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे १३ प्रकार नमूद केलेत. दिसलं की स्क्रीनशॉट घ्या.

"पहिल्या प्रीमियममधले दोन हजार परत देतो" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. विमा कायद्याच्या कलम ४१ खाली असा रिबेट देणं बेकायदा आहे आणि घेणाऱ्याला पण लागू होतं, दंड १० लाखांपर्यंत.

ऑटोपे लावायचा असेल तर लावा, रिन्युअल चुकत नाही हा मोठा फायदा. विम्याच्या प्रीमियमसाठी १ लाखापर्यंतची ठरलेली रक्कम दर वेळी ओटीपी न विचारता कापली जाऊ शकते, पण कापायच्या २४ तास आधी मेसेज आलाच पाहिजे. मेसेज आला की रक्कम मागच्या वर्षीएवढीच आहे का ते बघा.

पॉलिसी आली, आता ३० दिवस तुमचे

१ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं कंपन्यांना बंधनकारक झालंय. डिमॅटसारखं ई-इन्शुरन्स खातं पण फुकट उघडता येतं, सगळ्या पॉलिसी एका जागी राहतात. नाही उघडलं तरी निदान पीडीएफ घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, कारण ज्याच्या फोनमध्ये पॉलिसी आहे तोच आयसीयूत असला तर बाहेरचे काय दाखवणार.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लूक पिरियड असतो. नवीन पॉलिसीला, रिन्युअलला नाही. या काळात अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करता येते, कव्हर असलेल्या दिवसांचे पैसे, मेडिकल तपासणीचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी वजा करून बाकी रक्कम परत मिळते. पण माझ्या मते याचा खरा उपयोग परत करायला नाही, तपासायला आहे.

मावशीचं तेच केलं. मी बघितलं तेव्हा १९ वा दिवस होता. पीडीएफच्या शेवटच्या पानांवरचा प्रपोजल फॉर्म काढला, चुकीच्या उत्तराला गोल केला, फोटो काढला आणि मावशीच्या स्वतःच्या मेलवरून कंपनीच्या कस्टमर केअरला आणि तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. मजकूर साधाच होता: "माझ्या पॉलिसीबरोबरच्या प्रपोजल फॉर्ममध्ये उच्च रक्तदाबाच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं नोंदलं गेलं आहे, ते चुकीचं आहे. मला ६ वर्षांपासून रक्तदाब असून रोज एक गोळी चालू आहे, प्रिस्क्रिप्शन जोडलं आहे. कृपया नोंद दुरुस्त करून सुधारित पॉलिसी पाठवावी. ही माहिती मी फोनवर दिली होती, त्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं." चार दिवसांनी टेलिमेडिकलचा फोन आला, मग थोडा जास्त प्रीमियम मागितला, बीपीला वेटिंग पिरियड लावला आणि दुरुस्त पॉलिसी आली. मावशीला जास्तीचे पैसे भरताना वाईट वाटलं, पण आता तिच्याकडे जी पॉलिसी आहे ती खऱ्या मावशीची आहे.

आणखी एक तरतूद या बाबतीत महत्त्वाची. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की मोरेटोरियम पूर्ण होतो, म्हणजे त्यानंतर माहिती दिली नाही, चुकीची दिली या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. आधी हे ८ वर्षांचं होतं. मधे सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, वाढवली तर वाढवलेल्या भागाचे ६० महिने नव्याने मोजतात. याचा अर्थ "पाच वर्षं गप्प बसू" असा कोणी काढू नका, आजारपण पाच वर्षं थांबत नाही.

फ्री लूक संपल्यावर पण ७ दिवसांची लेखी नोटीस देऊन पॉलिसी रद्द करता येते, एक वर्षाच्या पॉलिसीत क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या काळाचा प्रीमियम प्रमाणात परत मिळतो.

रिन्युअल

वार्षिक प्रीमियम चुकला तर ३० दिवसांचा ग्रेस असतो, दर महिन्याचा हप्ता असेल तर १५ दिवस. ग्रेसमध्ये भरलं तर वेटिंग पिरियडचा जमा झालेला काळ शाबूत राहतो, पण वार्षिक पॉलिसीची मुदत संपल्यावर भरेपर्यंतच्या दिवसांत आजारी पडलात तर कव्हर नसतं, हप्त्यांवाल्यांना असतं. कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंग करा, निदान दीड महिना आधी सुरुवात करा, वेटिंगचं क्रेडिट सोबत येतं. जुनी पॉलिसी सोडून नवी घेतली तर सगळं पहिल्यापासून. आणि ६० च्या पुढच्यांसाठी, ३० जानेवारी २०२५ पासून कंपनीला एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त प्रीमियम वाढवायचा तर आधी इर्डाशी बोलावं लागतं.

क्लेमच्या दिवशी

ठरवून ऑपरेशन असेल तर अ‍ॅडमिट व्हायच्या निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा, अचानक असेल तर अ‍ॅडमिट झाल्यावर पॉलिसीत लिहिलेल्या वेळेत, बऱ्याच पॉलिसींत ती २४ तास असते. जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलने "कॅशलेस एव्हरीव्हेअर" सुरू केलंय, म्हणजे नेटवर्कमध्ये नसलेल्या हॉस्पिटलमध्ये पण कॅशलेस मागता येतं, पण त्यासाठी ठरवून असेल तर ४८ तास आधी आणि अचानक असेल तर ४८ तासांत कळवावं लागतं.

२९ मे २०२४ च्या इर्डाच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी. ३ तासांच्या पुढे गेलं आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या पैशातून द्यायचे. आता हे घड्याळ कधी सुरू होतं हे महत्त्वाचं, डॉक्टर "आज घरी जा" म्हणाले तेव्हा नाही, हॉस्पिटलने फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, पाठवली तेव्हा. म्हणून टीपीए डेस्कवर जाऊन शांतपणे विचारा "किती वाजता पाठवलं?" आणि ती वेळ लिहून ठेवा, जमलं तर तिथल्या स्क्रीनचा फोटो. उशीर हॉस्पिटलकडून होतोय का कंपनीकडून हे त्याशिवाय कळत नाही आणि आपण उगाच चुकीच्या माणसावर ओरडत बसतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली नाकारला तेही. कंपनीतल्या एकट्या कर्मचाऱ्याला किंवा टीपीएला आपल्या मनाने क्लेम नाकारता येत नाही, क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते. तुमच्या पत्रात विचारा की ही मंजुरी घेतली होती का.

तरी नाही ऐकलं तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, त्यांना १४ दिवस असतात. सोबतच इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ वर फोन करा, टोकन नंबर जपून ठेवा. कंपनीने नाकारलं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. आपल्याकडे मुंबई, पुणे आणि ठाण्याला ऑफिस आहे. लोकपालांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, म्हणजे पटला नाही तर ग्राहक आयोगात जायची वाट मोकळी राहते. निकाल ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीला रोज ५,००० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो.

खोट्या पॉलिसीत किंवा खोट्या लिंकवर पैसे गेले असतील तर हा रस्ता नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, त्याच तासात, मग बँक. जितकं लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठवले जायची शक्यता जास्त.

तक्रारीला जोडायला हे हाताशी ठेवा: भरलेला प्रपोजल फॉर्म, सीआयएस, पैसे भरल्याची पावती, ओटीपीचे मेसेज, कॉल आलेली तारीख आणि वेळ, आणि कंपनीला पाठवलेला प्रत्येक मेल. मावशीसाठी मी तिच्या मेलमध्ये "मेडिक्लेम" नावाचं एक फोल्डर केलंय आणि त्या मेलचा पासवर्ड तिच्या सुनेकडे पण आहे. तुमच्याकडे आधीच पॉलिसी असेल तर आज ती पीडीएफ उघडा, शेवटच्या पानांवर जा आणि आरोग्याच्या प्रश्नांसमोर काय छापलंय ते वाचा. ३० दिवस उलटून गेले असले तरी चूक दिसली की मावशीसारखाच मेल लिहा, आजार यायच्या आधी.